तीन ऐनांआडचं शेत

ज्या कवितेमुळे लोक मला कवी म्हणू लागले, त्याच कवितेमुळे एका बाईचं शेत गेलं. हा कोणी माझ्यावर केलेला आरोप नाही. आरोप करण्याइतकं कोणाला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी दहा वर्षं गप्प बसलो. शेत घालवलं ही चूक म्हणता येईल. गप्प बसलो ती चूक नव्हती, ते मी रोज उठून नव्याने करत होतो.

महाराष्ट्र राज्य होण्याआधी दोन-तीन वर्षं मी तलासरीच्या बाजूला एका शाळेत मास्तर होतो. घर बोर्डीला. वडिलांनी लावलेली चिकूची वाडी, नारळ, विहिरीखाली थोडा भाजीपाला. वडील गेल्यावर सगळं थोरला भाऊ पाहायचा. मला वाडीत रस नव्हता. मला कविता लिहायची होती. मुंबईहून येणाऱ्या मासिकांत त्या काळी कष्टकऱ्यांवर पुष्कळ कविता यायच्या. घाम, घट्टे, भेगाळलेल्या टाचा. त्या वाचून मला वाटायचं, हे लिहिणाऱ्यांनी पाहिलंय तरी किती? मी तर रोज या माणसांत वावरतो. माझ्या शाळेत येणारी निम्मी मुलं उपाशी असतात. खरी कविता माझ्याकडेच आहे, फक्त ती उतरवून घ्यायची आहे, अशा समजुतीत मी होतो. उतरवून घेणं हा शब्द मी तेव्हा फार वापरायचो.

शाळेपासून जवळच्या पाड्यात ती बाई राहायची. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी असते. लग्न लावणारी बाई, जी देवदेवतांची गाणी म्हणते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. ही बाई आसपासच्या सात-आठ पाड्यांची धवलेरी होती. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, आवाज मात्र भरलेला. ठेकेदाराकडे लाकूडतोडीला गेला असताना नवऱ्याच्या पायावर झाड पडलं होतं, तेव्हापासून तो लंगडत घरीच असे. तो म्हणायचा, "मांडवात ती गाते, लोक आयकतात. घरात वरडते, मी एकटाच आयकतो." आणि आपणच खूप हसायचा.

मी वही घेऊन तिच्याकडे जायला लागलो. गाणी सांग, लिहून घेतो. ती पहिल्यापासून नाही म्हणाली. गाणं मांडवात म्हणायचं, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या देवाच्या चौकासमोर. अंगणात बसून सांगायची ती गोष्ट नाही. मी पुष्कळ समजावलं, की लिहिलं तर टिकेल. ती म्हणाली, लिहिलं नव्हतं तरी माझ्या आजीपासून टिकलंय. ती मला अरेतुरेच करायची, पाड्यात सगळेच करायचे. आमच्या किनाऱ्याकडे असं कोणी मालकाच्या मुलाला म्हणणार नाही. सुरुवातीला मला ते टोचलं, मग तेही मी वहीत टिपून घेतलं.

शेवटी एका लग्नाला मीच गेलो आणि मांडवाबाहेर बसून ऐकलं. सगळं कळलं नाही. एक देवी रुसून निघून जाते, कोणी तिला शोधायला जातं, तिला खायला काय घालायचं यावर बोलणं होतं. चार-पाच दिवसांनी मी तिला विचारलं, तुमच्या गाण्यात देवांचीच भूक आहे, तुमची स्वतःची कुठे आहे? अंगणात आणखी दोघी-तिघी भात पाखडत होत्या.

"ती आमचीच हाय की," ती म्हणाली. "पन कोनाची ते कसा सांगायचा? नाव सांगला तं पकडून नेतील ना तिला."

बायका हसल्या. मीही हसलो. वाक्य आवडलं म्हणून लिहून घेतलं. त्या एका वाक्यात तिने मला तिच्या कलेचा पहिला नियम सांगितला होता. मी तो विनोद समजून घरी नेला.

पाड्यातली माणसं माझ्यावर विश्वास ठेवत, त्याला कारण होतं. मी त्यांचे अर्ज लिहून द्यायचो, आलेले कागद वाचून दाखवायचो, आणि कचेरीत कोणाबद्दल काही बोलत नसे. वेठ बंद होऊन वर्षं झाली होती, तरी बाहेरच्या माणसाने घरी यावं आणि काही नेऊ नये, याचं त्यांना नवलच वाटायचं. त्या विश्वासापोटीच ती एकदा आषाढात मला डोंगरावर घेऊन गेली. मी विचारलं होतं की घरच्या भाताच्या एवढ्याशा तुकड्यावर वर्ष कसं निघतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल दाखवते. पन तोंडातून काडू नको."

पाऊण तास चढलो. जिथे ओहळ दोन वाटांनी फुटतो, तिथे तीन ऐनांची झाडं होती, आणि त्यांच्या मागे उतारावर तिचं शेत. जंगलखात्याच्या हद्दीत, म्हणजे कायद्याने चोरीचं. तिच्या सासऱ्याने तो उतार पहिल्यांदा साफ केला होता. खालून पाहणाऱ्याला ऐनांआडून काही दिसत नव्हतं. हिरवीगार नाचणी, कडेने थोडी वरई, आणि रानडुकरांवर लक्ष ठेवायला चार खांबांवरचा माळा. ती मधूनच वाकून तण उपटत होती. सांगत होती की दिवाळीपासून होळीपर्यंत या नाचणीवर घर चालतं. मग लग्नं येतात. लग्नात धवलेरीला जेवण मिळतं, तांदूळ मिळतात. म्हणजे नाचणी तिला लग्नांपर्यंत नेऊन पोचवते. नाचणी नसली तर हिवाळ्यातच कोणाच्या तरी दारी कामाला जावं लागेल, मग गाणं कोण म्हणणार? हे सगळं तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला मात्र कविता दिसली.

ती कविता मी आठ दिवसांत लिहिली आणि मासिकाला पाठवली. संपादकांचं पत्र आलं. सज्जन माणूस, कविता मनापासून वाचणारा. त्यांनी लिहिलं होतं की कळवळा पुष्कळ आहे, पण जागा दिसत नाही, बाई दिसत नाही. असा कळवळा कोणीही कोणाबद्दलही लिहू शकतो. मला ते पटलं. आजही साहित्य म्हणून ते चूक होतं असं म्हणवत नाही. मी पुन्हा बसलो आणि जागा घातली. ओहळाचं नाव घातलं. पाडा कोणत्या अंगाला, तेही आलं. दोन ओळी अशा होत्या:

ओहळ दुभंगतो तिथे, तीन ऐनांच्या आड,
हातभर उतारावर ती पेरते आपली भूक.

तोंडातून काढू नको असं ती म्हणाली होती. मी तोंडातून काढलं नव्हतं, कागदावर लिहिलं होतं, आणि तेही कविता म्हणून. पाड्यात वाचता येणारा एकही मोठा माणूस नव्हता. मुंबईच्या वाचकाला ओहळाचं नाव कळून काय होणार? अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर फार घालावी लागलीच नाही. कविता छापून येणार या आनंदात होतो.

अंक आला. डहाणूला वाचनालयाच्या दालनात आम्ही पाच-पंचवीस लोक महिन्यातून एकदा दुपारी जमायचो. शिक्षक, एक-दोन वकील, कचेरीतली माणसं. तिथे मी कविता वाचली. टाळ्या पडल्या. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले की वंचितांच्या जीवनाचं इतकं प्रत्ययकारी चित्र आपल्या भागातून प्रथमच उमटतंय. चहा आला. तेव्हा नव्याने बदलून आलेले जंगलखात्याचे रेंजर माझ्या शेजारी येऊन बसले. हसतमुख माणूस. त्यांना कित्येक कविता पाठ होत्या.

"कविता फर्मास," ते म्हणाले. "पण एक विचारू? रागावू नका. हे पाहून लिहिलंय, की चिकूच्या सावलीत बसून? बागायतदाराचा मुलगा कुठला डोंगर चढणार?"

आजूबाजूचे हसले. मला ते लागलं. माझी दुखरी जागा नेमकी तीच होती. न पाहता लिहितात म्हणून मासिकांतल्या त्या इतर कवींना मी मनात हिणवत होतो, आणि तेच आता मला ऐकावं लागत होतं.

"मी स्वतः चढलोय," मी म्हणालो. "पाड्यापासून पाऊण तास. ओहळ फुटतो तिथून डाव्या हाताला. ऐन आहेत तिथे, मोजून तीन. माळासुद्धा पाहिलाय."

"वा," ते म्हणाले. "म्हणूनच कवितेत दम आहे."

मी सुखावलो. घरी परतताना, एसटीत, ते वाक्य मी मनात कितीदा तरी म्हटलं असेल. आपण कोणाशी बोललो, तो माणूस उद्या सकाळी कोणत्या कचेरीत बसणार आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. का आलं नाही, याचा विचार मी नंतर फार केला. माझ्या लेखी ती बाई आता डोंगरावर राहत नव्हती, कवितेत राहत होती. कवितेतल्या बाईला कोण काय करणार?

तीन आठवड्यांनी पाड्यातली मुलं शाळेत आली नाहीत. मी गेलो. तिच्या अंगणात माणसं बसली होती. आदल्या दिवशी रेंजरची माणसं आली, नाचणीला कणसं धरली होती ती हिरवीच कापून टाकली, माळा पाडून जाळला, कोयता आणि कुऱ्हाड उचलून नेली. तिला तलासरीला नेऊन दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. मी वर जाऊन पाहिलं. कापलेली नाचणी ऐनांखाली ढीग करून टाकली होती. दाणा दुधात होता. ढिगाला आंबूस वास येत होता.

खाली आलो तेव्हा तिचा नवरा सांगत होता की ते सरळ आले, कोणाला वाट विचारली नाही. इतक्या वर्षांत गार्ड लोक खालच्या वाटेने शंभरदा गेले असतील, कोणाला दिसलं नाही.

"कोनीतरी सांगला," ती म्हणाली.

तिने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, पण जितकं इतरांकडे तितकंच. मग नवरा म्हणाला, वाऱ्यानं सांगला असंल, आणि कोणी हसलं नाही. तो क्षण माझा होता. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, अर्ज करू या.

अर्ज केला. मीच लिहिला, सुंदर भाषेत. त्याचं काही झालं नाही. मी एकदा रेंजरना भेटायलाही गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले की कायदा आहे, वरून तपासणी होती, माझाही नाइलाज आहे. आणि निघताना, खरोखर आपुलकीने, विचारलं की नवीन काय लिहिताय.

दिवाळीनंतर त्यांच्या घरात खायला राहिलं नाही. मग मी जे केलं ते मला तेव्हा प्रायश्चित्त वाटलं होतं. मी भावाशी बोललो आणि तिला व तिच्या नवऱ्याला बोर्डीच्या आमच्या वाडीत कामाला लावलं. विहिरीमागे झोपडी दिली. नवरा राखण करी, ती चिकू गोळा करी. पाण्यात चोळून वरची भुकटी काढायची, लहान-मोठे निवडायचे, करंड्यांत भरायचे. ते दोघं माझे उपकार मानायचे. नवरा तर सगळ्यांना सांगायचा, मास्तरानं वाचवला. मी ते ऐकून घेत होतो.

माघ आला. सुट्टीच्या दिवशी मी बोर्डीला होतो, सकाळी भावाबरोबर ओटीवर चहा घेत होतो. पाड्यातून चार माणसं तिला न्यायला आली. लग्न ठरलं होतं, धवलेरी पाहिजे होती. चार दिवसांसाठी सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते ओटीवर चढले नाहीत, फाटकापाशीच उभे राहिले. ती हातातलं काम तसंच टाकून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. लुगडं झटकून नीट खोचलं होतं.

भाऊ दुष्ट नव्हता. पण चिकूचा भर होता, झाडं लगडली होती, माणसं कमी. त्याने नाही म्हटलं. वर म्हणाला, "लग्नं पावसाळ्यात लावा म्हणावं. तेव्हा हिला आठवडाभर न्या."

गड्यांपैकी एक हसला. ती चार माणसं हलली नाहीत. आणि ती माझ्याकडे पाहत राहिली. या वेळी इतरांकडे नाही, माझ्याचकडे. मी एक शब्द बोललो असतो तर भावाने सोडलं असतं, माझं तो इतपत ऐकायचा. पण मग त्याने विचारलं असतं, तुला या बाईचा एवढा पुळका का? वाडीत आणलीस तूच, सोडायला सांगतोस तूच, काय भानगड आहे? याचं खरं उत्तर माझ्याकडे एकच होतं. मी कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

माणसं दुपारपर्यंत फाटकापाशी बसून राहिली, मग गेली. ते लग्न दुसऱ्या पाड्याच्या धवलेरीने लावलं. त्या वर्षी आणखी एकदा कोणी आलं, पुढच्या वर्षी कोणीच नाही. लोक तरी किती दिवस थांबणार? धवलेरी लग्नाला मिळाली पाहिजे. पाड्यांनी दुसरी बाई धरली. माझ्या कवितेने तिचं शेत घेतलं होतं. मांडव मी चहाचा कप हातात धरून, काही न लिहिता घालवला.

वर्षं गेली. तिचा नवरा वारला. ती वाडीतच राहिली, कारण परत जायला पाड्यात काही उरलं नव्हतं. त्या उतारावर जंगलखात्याने साग लावला. मी मासिकांतून लिहीत होतो, आणि ती कविता जिथे जाई तिथे लोक वाचायला सांगत. मी वाचायचो. आवाज अजूनही भरून यायचा, आणि तो खोटा नव्हता, याचीच मला जास्त लाज वाटते. एकदा तिला विचारलं होतं, गाणी आठवतात का? म्हणाली, "कशाला आठवायची? कोनाचा लगीन हाय?"

गेल्या हिवाळ्यात एक पत्र आलं. उपेक्षितांच्या जीवनावरच्या कवितांचा एक संग्रह निघणार होता. माझी ती कविता घ्यायची परवानगी हवी होती, आणि सोबत कवितेमागच्या प्रेरणेबद्दल चार ओळी. मी त्या चार ओळी लिहायला बसलो. दोन दिवस बसलो. एका कष्टकरी स्त्रीचा जगण्याचा संघर्ष मी जवळून पाहिला, इथवर लिहून व्हायचं, पुढे नाही. तिसऱ्या दिवशी कविता घेऊ नये असं पत्र टाकलं, कारण लिहिलं नाही, आणि जुना अंक घेऊन बोर्डीला गेलो.

दुपार होती. ती वाडीतल्या मांडवाखाली एकटी चिकू निवडत बसली होती. आता केस पांढरे झालेत, नजर कमी झालीय. लहान-मोठं ती बोटांनीच ओळखते. मी समोर बसलो आणि म्हटलं, बाय, एक वाचून दाखवतो. वाच, ती म्हणाली. हात चालूच होते.

मी वाचलं. पहिल्या ओळी तिला कळल्या नसाव्यात, पुस्तकी होत्या. ओहळाचं नाव आलं तसे हात थांबले. ऐन आले. मी शेवटपर्यंत वाचलं, मध्ये थांबायचं धाडस नव्हतं.

"ह्या तू लिवला?"

"हो."

"कवा?"

"नाचणी कापली त्याच्या आधी."

तिने हातातला चिकू खाली ठेवला. मग तिने विचारलं, त्या जंगलवाल्याने हे वाचलं होतं का? मी म्हटलं, मीच त्याला वाचून दाखवलं, आणि वाट कुठली तेही मीच सांगितलं. ती मान हलवत राहिली, एखाद्याने जुनी वाट आठवावी तशी.

"आनी आता कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "आता तिथं साग हाय. दादला मेला. माझा गळा गेला. आता सांगून काय कराचा?"

 रस्ताभर मी जे बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं तिच्यासमोर एखाद्या लेखासारखं वाटायला लागलं. तिने खालचा एक चिकू उचलला, बोटांनी चाचपला, आणि मोठ्यांच्या करंडीत टाकला. मी अंक मिटला.

"काही करता येणार नाही," मी म्हणालो. "तुझं शेत माझ्यामुळे गेलं. मी शहाणपणा दाखवायला गेलो आणि तुझी जागा सांगितली. मग तुला न्यायला आले तेव्हा मी ओटीवर होतो आणि बोललो नाही. तू मला भला समजत होतीस, ते मी समजू दिलं. माझं चुकलं, बाय. तू माफ करावंस म्हणून नाही सांगत. माझं चुकलं, ते तुला ठाऊक असावं."